हिरड्यांतून रक्त येतं, पण दुखत काहीच नाही

तुम्ही लिहिलेलं थोडक्यात असं: वय ४६, सहा वर्षांपासून मधुमेह. वर्षभर ब्रश करताना अधूनमधून रक्त येतं, खालचा समोरचा एक दात किंचित हलतो, दुखत मात्र काहीच नाही. डॉक्टरांनी एक्स-रेत हाड कमी झालेलं बघून हिरड्यांच्या खालून सफाई करायला सांगितली आहे. मोठे भाऊ म्हणतात, "माझे दात सफाईनंतरच ढिले झाले, फटी पडल्या, तू त्या भानगडीत पडू नकोस." आणि तुम्ही विचारता, चांगली पेस्ट, एखादं जेल किंवा माउथवॉश यावर भागेल का?

नाही भागणार. भावांना जे दिसलं ते खरंच दिसलं असणार, पण त्याचं कारण वेगळं आहे. तिथपर्यंत येण्याआधी हा आजार नेमका कुठे घडतो ते सांगायला हवं, कारण तो आरशात दिसतो त्या जागी घडत नाही.

दात आणि हिरडी यांच्यामध्ये दाताला वळसा घालून जाणारी एक अरुंद खाच असते. निरोगी तोंडात ती १ ते ३ मिलिमीटर खोल असते. दातावर जंतूंचा चिकट थर सतत साचत राहतो, तो प्लाक. ते अन्नाचे कण नव्हेत. जंतूंनीच तयार केलेल्या चिकट जाळीत ते घट्ट धरून बसलेले असतात, म्हणून कितीही चुळा भरल्या तरी तो थर निघत नाही, घासूनच काढावा लागतो. काढायचा राहिला की लाळेतलं कॅल्शियम आणि फॉस्फेट त्यात बसून तो दगडासारखा कडक होतो, त्याला आपण किटण म्हणतो. खालच्या समोरच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला ते सर्वांत आधी जमतं, कारण लाळग्रंथींच्या नळ्या तिथे उघडतात. तुमचा हलणारा दात नेमका याच भागातला आहे.

प्लाकमुळे हिरडी सुजते हे आज कुणालाही ठाऊक असतं, पण ते पक्कं सिद्ध झालं १९६५ मध्ये. डेन्मार्कमध्ये हाराल्ड लोए आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १२ निरोगी लोकांना, त्यात बहुतेक दंतवैद्यकाचे विद्यार्थीच होते, दात घासणं पूर्ण बंद करायला लावलं. १० ते २१ दिवसांत प्रत्येकाच्या हिरड्या सुजल्या. घासणं पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवड्याभरात त्या पूर्ववत झाल्या. या पहिल्या पायरीला जिंजिव्हायटिस म्हणतात. सूज फक्त हिरडीत असते, हाडाला धक्का लागलेला नसतो आणि सगळं परतवता येतं.

दुसरी पायरी पेरिओडॉन्टायटिस. सूज खोल उतरते, दाताला हाडाशी बांधून ठेवणारे तंतू तुटतात, हाड झिजतं आणि ती ३ मिलिमीटरची खाच ५, ६, ८ मिलिमीटर खोल होते. तिला पॉकेट म्हणतात. हाड जंतू खात नाहीत. जंतूंशी लढताना आपल्याच शरीराने सोडलेली रसायनं आणि पेशी ते विरघळवतात. म्हणून सारख्याच अस्वच्छ तोंडांत नुकसान सारखं होत नाही. याच लोए यांनी श्रीलंकेतल्या चहाच्या मळ्यांतल्या ४८० कामगारांचं १९७० पासून १५ वर्षं निरीक्षण केलं. त्यांच्याकडे दातांची रोजची निगा किंवा उपचार जवळजवळ नव्हतेच. तरी सुमारे ११ टक्के लोकांचा आजार हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही, ८१ टक्क्यांचा मध्यम गतीने वाढला आणि ८ टक्क्यांचे दात झपाट्याने सैल होऊन पडत गेले. "अमक्याने आयुष्यात धड दात घासले नाहीत आणि म्हातारपणीही बत्तीशी शाबूत" असं कुणी सांगितलं तर तो त्या ११ टक्क्यांपैकी असू शकतो. तुमचा दात हलतोय, हाड कमी झालेलं एक्स-रेत दिसतंय. तुम्ही त्या गटात नाही.

आता न दुखण्याबद्दल. पॉकेटचं तोंड वर उघडं असतं. आत सूज आणि पू असला तरी त्याला बाहेर यायला वाट असते, दाब तयार होत नाही, म्हणून ठणका लागत नाही. वाट बंद झाली, म्हणजे वरची हिरडी आवळली किंवा काही अडकलं, की एका रात्रीत गळू होतं आणि तेव्हा माणूस धावत येतो. तोवर आजार वर्षानुवर्षं आत असतो. पॉकेटच्या आतलं अस्तर जागोजागी सोललेलं असतं. तोंडभर आजार पसरलेल्या माणसात या सोललेल्या भागाचं क्षेत्रफळ एकत्र केलं तर ८ ते २० चौरस सेंटीमीटर भरतं. एवढी जखम हातावर असती तर कुणी वर्षभर थांबलं नसतं.

माझ्या मते या आजारात रुग्णाने स्वतःच्या जाणिवेवर विसंबूच नये, आकडे मागावेत. डॉक्टर एक बोथट, खुणा केलेली बारीक सळई, म्हणजे प्रोब, प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी हलकेच घालून खोली मोजतात. २८ दातांचे १६८ आकडे होतात. त्यासोबत कुठे रक्त आलं, कुठला दात किती हलतो, हिरडी किती सरकली याची नोंद होते. हा तक्ता म्हणजे तुमच्या आजाराचा खरा रिपोर्ट. एक्स-रे फक्त आजवर किती हाड गेलं ते सांगतो. आजार आत्ता चालू आहे की थांबलेला आहे, हे पॉकेटची खोली आणि प्रोब लावल्यावर येणारं रक्त यांवरून कळतं. तुमच्या पत्रात एक्स-रेचा उल्लेख आहे, मोजमापाचा नाही. ते झालं नसेल तर सफाई सुरू करण्याआधी "माझं पॉकेट चार्टिंग करून त्याची प्रत द्या" असं सरळ सांगा. चांगल्या डॉक्टरांना या मागणीचा राग येत नाही. सुरुवातीचे आकडेच नसतील तर तीन महिन्यांनी सुधारणा झाली की नाही हे कशाशी ताडून बघणार?

२०१८ पासून या आजाराची वर्गवारी दोन अंगांनी करतात: नुकसान किती झालं यासाठी चार स्टेज, आणि ते किती वेगाने वाढतंय यासाठी ए, बी, सी अशा तीन ग्रेड, त्यात सी सर्वांत वेगवान. ग्रेड ठरवताना दोन गोष्टी हमखास विचारतात, धूम्रपान आणि मधुमेह. एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी रक्तचाचणी, ७ टक्के किंवा त्याहून जास्त असेल तर ग्रेड सी. दिवसाला १० किंवा जास्त सिगारेटी असतील तरीही सी. तुमचा ताजा आकडा तुम्ही लिहिला नाहीत. तो काढा आणि दंतवैद्यांना दाखवा.

आता भावांच्या अनुभवाकडे वळते. वर्षानुवर्षं साचलेलं किटण दातांच्या फटींमध्ये भरतं आणि सैल दातांना बाहेरून धरून ठेवतं, डुगडुगणाऱ्या खांबाभोवती चिखल वाळून बसावा तसं. ते काढलं की दात हलतो हे पहिल्यांदाच जाणवतं. हाड आधीच गेलेलं होतं, सफाईने ते उघडं पडलं. फटींचंही तेच. सुजलेली, फुगलेली हिरडी दोन दातांमधली जागा भरून काढत होती. सूज उतरल्यावर ती आकसली आणि खालची रिकामी जागा दिसू लागली. मुळाचा उघडा पडलेला भाग थंड पाण्याला शिवशिवतो, कारण मुळावर एनॅमलचं कवच नसतं. बहुतेकांचा हा त्रास काही आठवड्यांत कमी होतो आणि सेन्सिटिव्ह दातांच्या पेस्टने तोवर बराच आराम पडतो. हे सगळं तुम्हालाही होईल, कमी-जास्त. आधी सांगितलेलं असलं की माणूस घाबरत नाही. भावांना बहुधा कुणी सांगितलं नसावं, आणि तो दोष आमच्या धंद्याचा. "सफाईने एनॅमल खरवडलं जातं" हीही एक पक्की समजूत आहे. अल्ट्रासॉनिक यंत्राचं टोक कंपनांनी किटण फोडतं आणि पाण्याचा फवारा ते वाहून नेतो. नीट वापरलं तर एनॅमल जिथल्या तिथे राहतं.

उपचाराचा क्रम असा असतो. आधी वरची सफाई, घासण्याची पद्धत दुरुस्त करणं, साखर आणि तंबाखू यांचा बंदोबस्त. मग पॉकेटच्या आत, मुळाच्या पृष्ठभागावर चिकटलेलं किटण आणि जंतूंचा थर काढणं. ही साधी स्केलिंग, म्हणजे नेहमीची वरवरची सफाई, नव्हे. भूल देऊन, एकेक मूळ हाताने चाचपत करायचं काम आहे, म्हणून ते एका किंवा अनेक बैठकांत वाटून करतात. दोन्ही पद्धतींचे निकाल सारखेच येतात, तेव्हा तुमच्या सोयीने ठरवा. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशीपोटी खुर्चीत बसू नका. वेळेवर खाऊन, शक्यतो सकाळची वेळ घ्या. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नका.

त्यानंतर थांबायचं. हिरडी दाताला पुन्हा चिकटायला वेळ लागतो, म्हणून फेरतपासणी साधारण तीन महिन्यांनी होते. ४ ते ६ मिलिमीटरची पॉकेट सरासरी १ मिलिमीटरच्या आसपास उथळ होतात, ७ आणि त्याहून खोल असलेली सुमारे २ मिलिमीटर. ४ मिलिमीटर किंवा कमी आणि प्रोब लावल्यावर रक्त नाही, इथवर पोहोचायचं असतं. बऱ्याच जणांचं काम इथेच होतं. ६ मिलिमीटर किंवा अधिकची पॉकेट शिल्लक राहिली तर हिरडी उघडून आतलं प्रत्यक्ष बघत साफ करण्याची, म्हणजे फ्लॅपची शस्त्रक्रिया सुचवतात. दाढांना दोन-तीन मुळं असतात आणि त्यांच्या दुभाजकात अवजार नीट पोहोचत नाही, म्हणून दाढांवर ही वेळ जास्त येते. पण पहिल्या भेटीतच, सफाईच्या आधी, कुणी थेट तोंडभर शस्त्रक्रिया सुचवली तर दुसरं मत जरूर घ्या.

गेलेलं हाड परत येतं का? सरसकट झिजून खाली गेलेलं येत नाही. एखाद्या दाताशेजारी अरुंद आणि खोल खड्डा पडला असेल तर त्यात हाडाची भुकटी, पडदा किंवा एनॅमलच्या प्रथिनांचं जेल वापरून काही प्रमाणात भरून काढता येतं. तुमच्या दातालगत कसली झीज आहे हे एक्स-रे आणि मोजमाप एकत्र बघूनच ठरेल. हिरडी मूळच्या उंचीवर परत वाढावी म्हणून विकली जाणारी तेलं आणि जेल यांवर पैसे घालवू नका.

प्रतिजैविकांचीही अशीच एक सवय लागलेली आहे: हिरडी सुजली, पाच दिवसांच्या गोळ्या घेतल्या, बरं वाटलं. जंतू त्या चिकट थराच्या आत असतात, तो जागेवर असेपर्यंत गोळी तिथे पुरेशी पोहोचत नाही. थर फोडल्याशिवाय गोळ्या घेण्यात अर्थ नाही, आणि फोडल्यावर बहुतेकांना त्यांची गरज उरत नाही. कमी वयात झपाट्याने वाढणाऱ्या आजारात सफाईच्या जोडीने त्या देतात. पसरणारं गळू आणि ताप असेल तरीही देतात.

मधुमेहाबद्दल तुम्ही लक्ष घालावं असं कारण आहे, कारण इथे दोन्ही बाजूंनी फायदा होतो. साखर चढलेली असली की हिरडीतली सूज भडकते आणि जखम भरायला वेळ लागतो. उलट, हिरड्यांतली कायमची सूज शरीराला इन्सुलिन नीट वापरू देत नाही. हिरड्यांवर व्यवस्थित उपचार झाल्यावर तीन-चार महिन्यांत एचबीए१सी सरासरी ०.३ ते ०.४ टक्क्यांनी उतरतो असं अनेक चाचण्यांच्या एकत्रित विश्लेषणात दिसलं आहे. तो आकडा लहान वाटेल, पण एखादं जादा औषध टाळायला कधीकधी तेवढा पुरतो. हृदयविकाराशी संबंध जोडणाऱ्या बातम्या तुम्ही वाचल्या असतील. दोन्ही आजार एकाच माणसात जास्त वेळा आढळतात हे खरं, पण हिरड्यांच्या उपचाराने हृदयविकाराचा झटका टळतो असं सिद्ध झालेलं नाही. त्या भीतीने सफाई करू नका, दातांसाठी करा.

तंबाखूबद्दल एकच, पण महत्त्वाचं. निकोटीन हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकुंचित करतं, म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या हिरड्यांतून रक्त कमी येतं. आजार आत वाढतो आणि बाहेर हिरडी फिकट, ठणठणीत दिसते. सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत रक्त जास्त येऊ लागलं तर ती बिघाडाची खूण समजून पुन्हा ओढायला लागू नका.

आता घरचं काम. इथे मी जास्त वेळ घेणार आहे, कारण खुर्चीतला उपचार काही तासांचा असतो आणि उरलेले सगळे दिवस तुमच्या हातात असतात. रक्त येतं म्हणून लोक त्या जागी ब्रश लावायचं टाळतात, आणि नेमकी तीच जागा सर्वांत जास्त सुजते. रक्त येतं तिथेच हळुवार, पण रोज आणि नीट घासायचं. जिंजिव्हायटिस असेल तर आठवडा-दहा दिवसांत रक्त कमी होतं. पुरेसं घासूनही दोन आठवड्यांनी येतच असेल तर खाली किटण किंवा पॉकेट आहे असं धरून चाला.

मऊ ब्रश घ्या. केस दाताला काटकोनात न लावता साधारण ४५ अंशांत हिरडीच्या कडेकडे वळवा, म्हणजे केसांची टोकं त्या खाचेत जराशी शिरतील. मग जागच्या जागी छोटे कंप द्या आणि दोन-दोन दात करत पुढे सरका. आडवा रगडा मारला तर हिरडी खाली सरकते आणि मुळाला खाच पडते. अशी हिरडी सरकलेली पण रक्त नसलेली तोंडं बहुतेक फार "स्वच्छ" माणसांचीच असतात. खालच्या समोरच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरा. ही बाजू जवळजवळ सगळ्यांची राहून जाते. दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दोन मिनिटं. रात्रीचं घासणं कधीच चुकवू नका, कारण झोपेत लाळ कमी होते. इलेक्ट्रिक ब्रश थोडा सरस ठरतो, पण हात नीट चालत असेल तर साध्यानेही भागतं. पेस्ट फ्लोराइडची असली की पुरे. तिच्या डब्यावरच्या हिरड्यांच्या चित्रापेक्षा ब्रशचं टोक कुठे पोहोचतं हे शंभर पटींनी महत्त्वाचं.

ब्रश कितीही चांगला असला तरी दोन दातांमध्ये शिरत नाही, आणि पॉकेट बहुधा तिथेच सुरू होतं. दात घट्ट चिकटलेले असतील तर फ्लॉस. तुमच्यासारखी हिरडी उतरलेली असेल तर फ्लॉसपेक्षा बाटली धुण्याच्या ब्रशच्या आकाराचा चिमुकला इंटरडेंटल ब्रश कितीतरी चांगलं काम करतो. त्याचे वेगवेगळे माप असतात. किंचित अडून आत जाईल ते माप बरोबर. सहज सुळकन गेला तर तो लहान आहे, वाकला तर मोठा. एकाच तोंडात दोन-तीन माप लागतात, ते डॉक्टरांकडून बसवून घ्या आणि कुठे कुठलं हे लिहून ठेवा. दिवसातून एकदा, रात्री. आपण काय सोडतो हे बघायचं असेल तर प्लाक रंगवणारी गोळी मिळते. घासून झाल्यावर चघळायची आणि आरशात बघायचं. पहिल्यांदा बघितल्यावर बहुतेकांचा चेहरा उतरतो.

माउथवॉश या सगळ्याची जागा घेऊ शकत नाही. क्लोरहेक्सिडिन ०.२ टक्के हे प्रभावी आहे, पण सफाईनंतर किंवा शस्त्रक्रियेनंतर घासता येत नाही अशा दोन आठवड्यांपुरतंच. जास्त दिवस वापरलं तर दात तपकिरी होतात, तोंडाची चव बिघडते आणि किटणही वाढतं. पेस्टमधल्या फेस आणणाऱ्या घटकामुळे त्याचं काम मंदावतं, म्हणून ब्रशनंतर अर्धा तास थांबून ते घ्यायचं. कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांनी सुजलेल्या हिरडीला आराम वाटतो. वाटू द्या, त्यावर उपचार मात्र सोडू नका.

मधुमेह नसलेल्या वाचणाऱ्यांसाठी थोडं. गरोदरपणात संप्रेरकांमुळे थोड्या प्लाकनेही हिरड्या जास्त सुजतात. सफाई तेव्हा सुरक्षित असते आणि मधले तीन महिने त्यासाठी सोयीचे. फिट्सचं फेनिटॉइन, रक्तदाबाच्या ॲम्लोडिपिन किंवा निफेडिपिनसारख्या गोळ्या, प्रत्यारोपणानंतरचं सायक्लोस्पोरिन यांनी हिरडी दातावर चढत वाढू शकते. गोळी बदलायची का, हे ती लिहून देणाऱ्या डॉक्टरांनी ठरवायचं. आणि ब्रश न लावताही आपोआप रक्त येणं, अंगावर विनाकारण निळे डाग, ताप, दोन आठवड्यांत न भरणारा व्रण, यांपैकी काहीही असेल तर ते फक्त हिरड्यांचं दुखणं समजू नका, रक्ततपासणी आणि पूर्ण तपासणी लगेच करून घ्या. सूज गालावर किंवा गळ्याकडे पसरत असेल आणि गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होत असेल तर त्याच तासाला रुग्णालय गाठा.

तुमच्या हलणाऱ्या दाताबद्दल. "तो काढून इम्प्लांट बसवा" असा सल्ला कुणी देईलही. घाई करू नका. सूज उतरल्यावर किंचित हलणारे दात बऱ्याचदा घट्ट होतात, म्हणून त्याचा निर्णय फेरतपासणीपर्यंत पुढे ढकला. तोवर चावताना त्यावर जादा भार येतो का, हे तपासून घ्या. नंतरही हलणं त्रासदायक राहिलं तर शेजारच्या दातांशी आतल्या बाजूने बारीक तारेने बांधता येतो. इम्प्लांटलाही याच जंतूंमुळे असाच आजार होतो आणि तिथे तो आवरायला जास्त कठीण जातो, तेव्हा हिरड्या शांत होण्याआधी नवा स्क्रू हाडात घालण्यात शहाणपण नाही.

सगळं नीट झाल्यावर दर तीन ते चार महिन्यांनी देखभालीची भेट ठेवा, सहा महिन्यांची नको. सफाईनंतर खोल जागी जंतूंचा थर काही आठवड्यांत पुन्हा जमू लागतो आणि तुमच्या बाबतीत मधुमेहही आहे. वर्षभर आकडे स्थिर राहिले तर अंतर वाढवता येईल. प्रत्येक भेटीत जुना तक्ता सोबत न्या आणि नव्या आकड्यांशी ताडून बघायला सांगा. एका जागी ४ चे ६ झाले असतील तर तोंडभर नाही, तेवढ्याच जागी पुन्हा काम करावं लागेल.